नाकोबांच्या घराचा वास

नाकोबा हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नकोच. कुठले आईबाप पोटच्या पोराचं नाव असलं ठेवतील? पण अंतराळ केंद्राच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून थेट मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना नाकोबाच म्हणत, आणि इतक्या वर्षांत ते त्यांच्याही अंगवळणी पडलं होतं. कोणी खऱ्या नावानं हाक मारलीच, तर ते आधी मागे वळून बघत, की बाबा, हा बोलावतोय कोणाला.

नोकरी म्हणाल, तर वास घेण्याची. हसू नका, खरंच तीच. माणसं ज्या यानातून वर जातात त्या यानात खिडकी उघडायची सोय नसते. आपल्याकडं काही करपलं तर आपण दार उघडतो, फडक्यानं हवा बाहेर घालवतो, आणि वर शेजाऱ्यांचंच काहीतरी करपलंय म्हणून मोकळे होतो. यानात ते जमत नाही. तिथं एकदा वास सुटला की तो तुमच्यासोबतच राहतो, महिनोन् महिने. एका जुन्या खेपेला म्हणे कसल्याशा पट्ट्याला असा वास सुटला की आतल्या सगळ्यांची डोकी ठणकायला लागली, कामं सुचेनात, आणि शेवटी तो पट्टा पिशवीवर पिशवी चढवून कोपऱ्यात कोंबावा लागला. तेव्हापासून नियम झाला. वर जाणारी प्रत्येक चीज, मग बूट असो, पेन असो की चिकटपट्टी, आधी नाकांपुढून जाईल आणि मगच वर.

ही नाकं पाच होती आणि नाकोबा त्यांतले सगळ्यांत जुने. वस्तू काचेच्या बरणीत बंद करायची, बरणी काही दिवस उबदार कपाटात ठेवायची, मग आतली हवा बिनसुईच्या मोठ्या सिरिंजनं ओढायची आणि मास्कमधून एकेकाच्या नाकात सोडायची. त्यानं आकडा सांगायचा. शून्य म्हणजे वासच नाही. एक-दोन चालतील. तीनला वादावादी. आणि चार म्हणजे माणूस मास्क टाकून बाहेर पळतो. आता चार म्हणजे घाणच, असं समजू नका हं. अत्तराची बाटलीसुद्धा चार. कोंडलेल्या जागेत सुगंधही जिवावर उठतो.

नाकोबांचा स्वतःचा एक कायदा होता. पहिला श्वास खरा. दुसऱ्याला नाक सरावतं, तिसऱ्याला ते चक्क खोटं बोलायला लागतं. म्हणून एक बरणी झाली की ते बाहेर पायऱ्यांवर येऊन उभे राहत, नाक मोकळं करून घेत, आणि मगच पुढच्या बरणीला हात लावू देत. नवी पोरं कंटाळायची. कंटाळोत. नाकोबा आपल्या नाकासमोर बघून चालणारे.

असं नाक सांभाळायचं म्हणजे घरच्यांच्या नाकी नऊ यायचेच. घरात अत्तर नाही, वासाचा साबण नाही, वासाचं तेल नाही. तळण तर कायमचं हद्दपार. लग्नात बायकोला कोणीतरी सुगंधी पावडरीचा डबा दिला होता, तो नाकोबांनी पहिल्याच आठवड्यात शेजारणीला देऊन टाकला. बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला सासू नाही म्हणून मैत्रिणी हेवा करायच्या. त्यांना काय ठाऊक, सासू तुमच्या नाकातच येऊन बसलीय!"

बाई तोंडाची तिखट, पण हाताची गोड. लोकांचे कपडे शिवून, उसवलेलं दुरुस्त करून द्यायची. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं शिलाई मशीन, त्याच्या शेजारी इस्त्रीचं टेबल. नवऱ्याच्या नाकाशी तिनं आयुष्यभर भांडण केलं आणि आयुष्यभर ते नाक सांभाळलंही. भांडी सोड्यानं आणि पिळलेल्या लिंबाच्या सालीनं घासली, कपडे बिनवासाच्या साबणानं धुतले. पोरीला तळलेलं खायची हुक्की आली की तिला घेऊन बाहेर जायची, आणि घरात शिरण्याआधी दोघी मायलेकी जिन्याखालच्या नळावर हात-तोंड खसाखसा धुवायच्या. चोरी करून आल्यासारख्या हसत वर यायच्या. नाकोबांना तरी वास यायचाच. ते बोलत नसत.

बायकोला एक प्रश्न मात्र कायम छळायचा. टीव्हीवर यान उडताना दिसलं की ती इस्त्री उभी करायची आणि सुरू व्हायची. "अहो, ही माणसं एवढी वर जातात, हाडं ठिसूळ करून घेतात, जीव टांगणीला लावतात, इथं लेकरं वाट बघत बसतात. एवढा पैसा, एवढा जीवघेणा खटाटोप. बरं, तिथं राहतात का? तर नाही. परत इथंच! मग गेलेच कशाला? काखेत कळसा नि गावाला वळसा!"

तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरापेक्षा वर नाकोबा कधी गेलेच नव्हते. "साहेबांना विचारून सांगतो," एवढंच म्हणायचे. विचारलं कधीच नाही. आणि मग विचारून सांगायला ती राहिली नाही.

तापाचं निमित्त झालं आणि दोन वर्षांपूर्वी ती गेली. इतक्या पटकन गेली की शिवायला घेतलेला एक सदरा बाही न लावताच मशीनवर राहिला.

माणूस गेलं की मागं उरलेली माणसं काय करतात? स्वेटर छातीशी धरतात, उशीत तोंड खुपसतात. नाकोबांनीही तेच केलं. कपाट उघडलं, लांब श्वास घेतला. काही नाही. तिचा राखाडी स्वेटर नाकाला लावला. काही नाही. उशी, शाल, मशीनचं झाकण, ती जिथं टेकून बसायची ती भिंत. शून्य, शून्य, शून्य. ज्या माणसाला बंद बरणीतल्या रबराचा वास कुठल्या कारखान्याचा ते सांगता यायचं, त्याला स्वतःच्या बायकोचा वास स्वतःच्या घरात सापडेना. तेव्हा ते खाली बसले आणि त्यांना कळलं, किंवा कळलंसं वाटलं, की हे आपलंच करणं आहे. पावडर काढून घेतली, तेल काढून घेतलं, साबण काढून घेतला. रोज थोडी थोडी करून आपणच तिला पुसली. आता शोधतोय काय, कपाळ?

तरी शोधणं काही सुटलं नाही. दोन वर्षं रोज, कामावरून आले की दार लावायचे, बूट काढायचे, हात धुवायचे आणि मग कपाटापुढं उभे राहायचे. त्यांना आता आयुष्यात दुसरं काही नको होतं. तिचा वास एकदा यावा, बस. एकदाच.

घरी येणारंजाणारं कोणी नव्हतं. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात, पुरत्या दिवसभराच्या प्रवासावर. आठवड्याला फोन करायची, "बाबा, इकडं या राहायला" म्हणायची, पण आई गेल्यापासून स्वतः एकदाही आली नव्हती. नाकोबा समजून होते. ज्या घरात साधं तळलेलं खायला मिळालं नाही त्या घरी पोरगी कशाला येईल? तेही कुठं जात नसत. सुट्टी घेत नसत. लेकीचं घर म्हणजे फोडण्या, साबण, नातवाचं पावडर-तेल. तिथं आठ दिवस काढले तर नाकाचं मातेरं. आणि नाक गेलं तर मग आपल्याजवळ उरलं काय? केंद्र ते घर, घर ते केंद्र, एवढीच त्यांची कक्षा.

त्या वर्षी जी अंतराळवीर बाई वर जाणार होती, तिची ही दुसरी खेप. सहा महिने राहायचं होतं. वर जाणाऱ्याला मुठीत मावेल एवढी एक घरची वस्तू नेता येते. कोणी फोटो नेतं, कोणी अंगठी. हिनं आपल्या लहानग्या लेकीच्या पांघरुणाचा एक कोपरा कापून दिला होता, निळा, धुऊन धुऊन विटलेला. तो बरणीत गेला, कपाटात गेला, आणि एका सकाळी नाकोबांच्या मास्कमध्ये आला.

बाकीच्या चौघांनी दोन आणि तीन सांगितले. नाकोबांनी पहिला श्वास घेतला, मास्क खाली ठेवला आणि म्हणाले, "चार."

"नाकोबा, लहान पोरीचं पांघरूण आहे हो!" शेजारचा म्हणाला.

"मला काय कळत नाही? चार म्हणजे चार."

सरासरी वर गेली आणि कोपरा नापास झाला. नाकोबा बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. नेहमीपेक्षा बराच वेळ बसले.

कोणी किती आकडा दिला हे बाहेर सांगायचं नसतं. पण कार्यालयातल्या भिंतींना नुसते कान नसतात, तोंडही असतं. दुपारी चहाच्या वेळी ती बाई स्वतःच पायऱ्यांवर आली, कामाच्या साध्या कपड्यांत, हातात दोन कप. एक तिनं नाकोबांपुढं धरला.

"काका, चार तुम्हीच दिलेत ना?"

"दिले," नाकोबा म्हणाले. "द्या काय शिव्या द्यायच्या त्या."

"शिव्या कशाला? माझ्यासोबत कोंडलेल्या माणसांनी काय घोडं मारलंय कोणाचं?" ती शेजारी पायरीवर बसली. थोडा वेळ कप नुसताच फिरवत राहिली. "एकच विचारायचं होतं. कसा होता वास? मला येत नाही हो. रोज तिच्या शेजारी झोपते, नाक सरावलंय. कोपरा कापून दिला तेव्हा तिनं विचारलं, आई, माझा वास येतो ना याला? मी हो म्हटलं. थाप मारली."

नाकोबांनी डोळे मिटले. हे काम त्यांना येत होतं.

"आधी नासलेलं दूध. ते सोडून द्या, बरणीच्या उबेनं झालं ते. त्याच्यामागं मेणाचे खडू. मग भिजलेलं बिस्कीट. आणि अगदी शेवटी, तळाला, दुपारी घामेजून झोपलेल्या पोराच्या मानेमागं असतो ना, तो. म्हणून चार दिले, बाई. तो वास वर सुटला असता तर तुम्ही कामाच्या उरला नसता. आणि तुम्हीच का, बाकीचेही घरी पोरं ठेवूनच जातात की."

बाईनं मान खाली घातली. तिचे खांदे हलले. मग नाक पुसून ती म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. ती ओठ हलवत ऐकत होती, लहानपणी पाढे पाठ करतात तसं.

असं कोणी शेजारी बसून बोललं की एकट्या माणसाची जीभ सैल होते. नाकोबा म्हणाले, "एक विचारू? राग मानू नका. माझी बायको विचारायची, आता ती नाही. एवढं वर जायचं आणि परत इथंच यायचं, तर मग जायचं कशाला?"

"माझी आई अजून विचारते!" बाई ओल्या डोळ्यांनी हसली. "साहेब लोक सांगतात ते सगळं खरं आहे बरं का. तिथं हाडं झिजतात, त्यातून इथल्या म्हाताऱ्यांची औषधं कळतात. तिथं पाण्याचा थेंब न थेंब गाळून पुन्हा वापरतात, ते इथं उपयोगी पडतं. उद्या माणसाला आणखी लांब जायचंय. सगळं खरं. पण हालही फार होतात, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? तोंड सुजतं, नाक चोंदतं, जेवण मातीसारखं लागतं. झोपेत दचकायला होतं. खिडकीतून सगळं जग दिसतं आणि त्यात आपलं माणूस कुठं दिसत नाही. मागच्या खेपेला मी रोज स्वतःलाच विचारायचे, बये, कुणी सांगितलं होतं?"

"मग?"

"मग खाली उतरलो. बाहेरून माणसांनी झाकण उघडलं आणि वास आला. ठेचलेलं गवत, माती, मला उचलणाऱ्या माणसाच्या शर्टाचा घाम. काका, मी ढसाढसा रडले. जन्मभर तो वास माझ्या नाकाखाली होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता! नंतर घरी गेले, दार उघडलं, तर घराचासुद्धा वास आला. बूट काढेपर्यंत टिकला. बूट काढले, संपला. नाक सरावलं."

नाकोबांचा कप ओठांपाशीच थांबला. "घराचा?"

"घराचा. प्रत्येक घराला असतो की. घरच्यांना सोडून बाकी सगळ्यांना येतो. हे मी तुम्हाला सांगायचं का?"

सांगायचंच की! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बरणीच्या दुसऱ्या श्वासावर भरवसा न ठेवणारा हा माणूस दोन वर्षं एकाच घरात तोच तो श्वास घेत होता. एक रात्र बाहेर झोपला नव्हता, की नाकाचा सराव मोडावा. आणि रोज दार उघडून, बूट काढून, हात धुऊन, मग कपाटापुढं उभा राहत होता. घराला नियमानं धुऊनपुसून बिनवासाचं केलंय, या घमेंडीत हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी ते घाईघाईनं घरी गेले आणि बूटही न काढता लेकीला फोन लावला.

"मला एक खरं सांग. आपल्या घराला वास आहे का गं?"

पलीकडं लेकीनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आहे ना, बाबा."

"कसला?"

"आईचा." तिचा आवाज फाटला. "इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा. मशीनच्या तेलाचा. लिंबाच्या सालीचा, त्या तुमच्या बिनवासाच्या साबणाचा. आणि आणखी काहीतरी, ते सांगता येत नाही. दारातच येतो. मागं शेवटचं आले होते ना, तेव्हा आत पाऊल टाकलं आणि मला उभं राहवेना. म्हणून तर मी येत नाही. तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, तळलेलं मिळायचं नाही म्हणून."

"बाबा, तुम्ही पण ना!" म्हणत ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. नाकोबा फोन कानाला धरून पुढच्या खोलीत उभे होते. लिंबाची साल. साबण. ज्या ज्या गोष्टींनी त्यांनी तिला पुसलं म्हणून दोन वर्षं स्वतःला बोल लावला, त्यांचाच तिचा वास झाला होता, आणि तो आत्ता, या घडीला, त्यांच्या चहूकडं होता. त्यांनी श्वास ओढला. पुन्हा ओढला. शून्य.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांकडं लांबलचक रजा मागितली. साहेबांना आधी चेष्टा वाटली.

"नाकोबा, तुम्ही आणि रजा? जाणार कुठं?"

"लेकीकडं."

"म्हणजे तळण आणि साबणात! परत आलात की सगळ्या परीक्षा नव्यानं द्याव्या लागतील, माहीत आहे ना? या वयात पास नाही झालात, तर जागा गेली."

"गेली तर गेली," नाकोबा म्हणाले, आणि हे आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. या नोकरीच्या पायी त्यांनी घरात एक पापड भाजू दिला नव्हता.

निघायच्या दिवशी त्यांनी सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या. फटींत कापडाच्या पट्ट्या कोंबल्या, तिच्याच शिवणाच्या टोपलीतल्या. रोपाची कुंडी उचलून तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांकडं नेऊन ठेवली.

"कुंडी कशाला आणलीत? चावी द्या, मी वर येऊन घालत जाईन पाणी," मास्तर म्हणाले.

"चावी देणार नाही."

"अहो, मी काय चोर आहे?"

"चोर नाही. पण दार उघडाल!" एवढं बोलून नाकोबा बॅग घेऊन चालू लागले. मास्तर दिवसभर त्यांना नावं ठेवत होते.

लेकीचं घर म्हणजे वासांचा नुसता दंगा. सकाळी कांद्याची फोडणी, मग जावयाचं दाढीचं क्रीम, नातवाचं तेल, दुपारी तळण, संध्याकाळी शेजारचं तळण. पहिले काही दिवस नाकोबांचं डोकं भणभणत राहिलं. मग ते सरावलं. लेकीनं पहिलीच कढई चढवली तेव्हा त्यांच्याकडं चोरून बघितलं. त्यांनी ताट पुढं केलं. "वाढ," म्हणाले. लेकीनं डोळे पुसले, कांद्याचं निमित्त करून.

घर माणसांनी भरलेलं होतं आणि नाकोबा त्यात पाहुण्यासारखे कडेकडेनं वावरत होते. जावई सज्जन, पण बोलायला विषय नाही. नातू अंगाखांद्यावर खेळायचा आणि त्यांचं नाक ओढायचा. सगळे आपापल्या कामाला गेले की ते खिडकीत बसून राहत. घरी एकटेपण होतं खरं, पण ते त्यांच्या मापाचं होतं. इथलं अंगाला बसत नव्हतं. बंद घराची सारखी आठवण यायची.

एकदा टीव्हीवर ती बाई दिसली. केस वर तरंगताहेत, तोंड सुजलेलं, नाकातून बोलतेय. खालून कोणीतरी विचारलं, तिथं सगळ्यांत जास्त काय आठवतं? बाई म्हणाली, "मेणाचे खडू. भिजलेलं बिस्कीट." विचारणारा हसला, त्याला काही कळलं नाही. नाकोबा एकदम उठून दुसऱ्या खोलीत गेले.

ठरवलेले दोन महिने होऊन गेले तरी ते परत निघायचं नाव काढीनात. आज जातो, उद्या जातो. खरी गोष्ट अशी होती की त्यांची छाती होत नव्हती. दार उघडलं आणि तरीही शून्यच निघालं तर? न जाता निदान आशा तरी शाबूत राहत होती. शेवटी लेकीनंच त्यांना धरलं.

"बाबा, वास काय जपून ठेवला की वाढणार आहे? उडून जाईल तो. मी येऊ का सोबत?"

"नको. दारात दोन माणसं नकोत. मला पहिला श्वास एकट्याला पाहिजे."

जिना चढताना त्यांनी नाक रुमालानं दाबून धरलं होतं. प्रत्येक मजल्यावर थांबत होते, दमले म्हणून नव्हे. दारापुढं आले. बॅग खाली ठेवली. चावी कुलपात घालून फिरवली. कुलूप निघालं. त्यांनी रुमाल खिशात घातला, फुप्फुसं पार रिकामी केली, दार ढकललं आणि श्वास घेतला.

ती होती.

गरम इस्त्री ओल्या कापडावर टेकली होती, लिंबाची साल मोरीच्या कडेला होती, मशीनचं तेल होतं, साबण होता, आणि या सगळ्यांच्या तळाशी ती स्वतः होती, कमरेवर हात ठेवून, आत्ताच काहीतरी टोचून बोलल्यासारखी. किती वेळ लावलात, असंच जणू. नाकोबांच्या तोंडून "अगं" एवढंच निघालं. ते झटक्यानं मागं सरले, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसले.

तोंडावर दोन्ही हात ठेवून ते रडले. मोठ्यानं रडले, जिन्यात आवाज घुमेल इतकं. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सापडलं होतं. कळसा काखेतच असतो गं, पण गावाला वळसा घातल्याशिवाय तो हाताला लागत नाही. दोन महिन्यांहून मोठा वळसा घालून उत्तर आणलं होतं आणि ज्या बाईला द्यायचं ती फक्त एका श्वासापुरती घरी होती.

आवाज ऐकून मास्तर खालून धापा टाकत वर आले.

"काय झालं हो? चावी हरवली का?"

नाकोबांनी मूठ उघडून चावी दाखवली.

"मग बाहेर का बसलात? आत काही झालंय का? वास येतोय का कसला?" मास्तर घाबरून दाराकडं बघू लागले. "गॅस तर नाही ना सुटलाय?"

"नाही हो. वास येतोय, पण गॅस नाही. आमच्या हिचा आहे."

मास्तरांनी उगाच दाराच्या कडीला हात लावून बघितला, मग खाली घेतला. "मग जा की आत," ते हळूच म्हणाले.

"जातो," नाकोबा म्हणाले. "आत गेलं की संपतो. जरा बसतो."